मालिशच्या जुन्या पुस्तकावरची नोंद : काय ठेवावं, काय काढावं

नोंद वाचली. शेख दीन मुहम्मदने १८२२ साली ब्रायटनमध्ये छापलेल्या ‘शॅम्पूइंग’ या पुस्तकावर मराठी कोशासाठी तू ही नोंद लिहिलीस, आणि मालिश हाच ज्याचा धंदा अशा कुणीतरी ती छापण्याआधी तपासावी असं तुला वाटलं. मी फिजिओथेरपिस्ट. इथे ग्वाल्हेरात खेळाडूंचे पाय आणि आजोबांच्या कंबरा दाबण्यात नोकरी संपली, आणि त्यासोबत आरोग्याच्या नोंदी तपासायचं कामही करत आलो. काका म्हणून हक्काने पाठवलीस, तर हक्कानेच लिहितो.

माहिती तू भरपूर जमवलीस, पण नोंद पुस्तकावर झालेली नाही. ती माणसावर झाली आहे. पाटण्याचा जन्म, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कॅप्टन बेकरची छावणी, आयर्लंडमधलं कॉर्क शहर, जेन डेलीशी लग्न, लंडनचं ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’, तिथलं दिवाळं हे सगळं झाल्यावर पाचव्या परिच्छेदात पुस्तक येतं आणि तीन वाक्यांत निघून जातं. तुझी अडचण कळते. हा माणूस आहेच असा की लिहिणाऱ्याला ओढून नेतो. पण माणसाची नोंद वेगळी असते, तिथे हे सगळं जाऊ दे. या नोंदीत त्याचं आयुष्य फक्त तेवढंच हवं जेवढ्याशिवाय पुस्तक कळणार नाही. म्हणजे १८१० च्या सुमारास लंडनमध्ये बॅसिल कॉकरन या कंपनीच्या पैशावर गब्बर झालेल्या गृहस्थाच्या वाफेच्या स्नानगृहात तो काम करत होता, कॉफी हाउस बुडाल्यावर १८१४ मध्ये ब्रायटनला आला आणि तिथे समुद्रकाठी स्वतःचं स्नानगृह चालवू लागला. बास. (त्याच १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि शहराचा लष्कर हा आपला भाग वसला. गंमत म्हणून सांगतो, नोंदीत घालू नकोस!)

आता पुस्तकाकडे. त्याचं शीर्षकपान हाच तुझा पहिला आधार, आणि तूच ते वापरलेलं नाहीस. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पुस्तकात काय काय आहे ते सगळं त्या पानावर लिहिलेलं आहे. भारतीय औषधी वाफेच्या स्नानाचे फायदे, साध्या गरम पाण्याच्या स्नानाशी त्याची तुलना, बाकी सगळे उपाय थकल्यावर गुण आल्याच्या हकिकती, आणि शेवटी या पद्धतीची पावती देणाऱ्या मंडळींची अकारविल्हे यादी, त्यांतले पुष्कळसे बडे. म्हणजे हे मालिश शिकवणारं पुस्तकच नव्हे. तू त्याला ‘मालिशशास्त्रावरील आद्य ग्रंथ’ म्हटलंस. वाचून कुणाला मालिश करता येईल असं त्यात काहीही नाही. हात कुठून कुठे फिरवायचा, दाब किती, किती वेळ, कोणत्या रोगात काय टाळायचं, यातलं फारच थोडं सापडतं. औषधी वनस्पती कोणत्या, त्याचा तर धंदाच त्यावर चालत होता, तो कशाला सांगेल? स्नानगृहाची जाहिरात, रुग्णकथांचा संग्रह आणि समर्थकांचं वजन, या तिघांचं मिळून हे पुस्तक आहे, आणि नोंदीत सुरुवातीलाच तसं स्वच्छ आलं पाहिजे. यात पुस्तकाचा अपमान नाही. उलट त्याचं महत्त्व तिथेच आहे. हिंदुस्थानातून आलेला एक माणूस इंग्लंडच्या सर्वांत नखरेल शहरात, राजा चौथ्या जॉर्जच्या डोळ्यांसमोर, आपल्या हाताच्या कामाला प्रतिष्ठा कशी मिळवून देतो, ते यात दिसतं.

याच्या दोन वर्षं आधी, १८२० मध्ये, त्याने एक छोटी पुस्तिका काढली होती. बऱ्या झालेल्या रुग्णांनी स्वतः लिहिलेल्या हकिकती, असं तिच्या शीर्षकात आहे, आणि तिथे तो स्वतःला भारतीय वाफेच्या व समुद्राच्या पाण्याच्या स्नानाचा ‘शोधक’ म्हणवतो. १८२२ च्या शीर्षकात शोधक गायब. आता ही पद्धत त्याने ‘या देशात आणलेली’ आहे आणि तो स्वतः ‘मूळचा भारतातला’ आहे. हा बदल तुझ्या नोंदीत नाही, आणि मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. माझा कयास असा की नव्या शोधावर शंका घेतली जाते, पण दूरच्या जुन्या देशाच्या उपायाला वेगळंच वजन असतं, हे तो गिऱ्हाइकांकडूनच शिकला असावा. हा कयास माझा, नोंदीत तो नको. नोंदीत फक्त दोन्ही शीर्षकं शेजारी ठेव. वाचणारा समजून घेईल.

मुख्य हरकत आता. तू लिहिलंस, ‘दीन मुहम्मद (जन्म १७४९) याने वैद्यकाचे शिक्षण घेऊन ईस्ट इंडिया कंपनीत शल्यचिकित्सक म्हणून काम केले.’ हे तू या पुस्तकाच्या प्रस्तावनेवरून घेतलंस, आणि प्रस्तावनेत ते खरोखरच आहे. पण याच माणसाने १७९४ मध्ये कॉर्कला आपलं प्रवासवर्णन छापलं. भारतीयाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो, तेच हे. त्यात जन्म १७५९ चा आहे. दहा-अकरा वर्षांचा पोर असताना, १७६९ च्या सुमारास, बेकरच्या मागे तो छावणीत निघाला आणि पुढची वर्षं फौजेबरोबर हिंडला. त्यात वैद्यकाचं शिक्षण घ्यायला जागाच नाही. जागा करायची तर जन्म मागे न्यावा लागतो, आणि १८२२ मध्ये तो बरोबर दहा वर्षं मागे गेलेला दिसतो. इतिहासकार मायकेल फिशर यांनी १९९० च्या दशकात या माणसावर जे काम केलं, त्यात ही विसंगती उलगडून दाखवली आहे. प्रवासवर्णनातले काही उतारे ग्रोस आणि किंडर्स्ली या आधीच्या प्रवासलेखकांच्या पुस्तकांतून उचललेले आहेत, हेही तिथेच सापडेल.

यावर तू म्हणशील, मग १७४९ खोडून १७५९ लिहितो, झालं. नाही. या नोंदीपुरता १७४९ खोडायचा नाही, तो जागेवर बसवायचा. पुस्तक स्वतःबद्दल जे सांगतं ती पुस्तकाची मांडणी असते. तो जन्माने तेव्हाचा असो वा नसो, ‘मी तेव्हा जन्मलो आणि मी सर्जन होतो’ असं त्याने छापलं, हे शंभर टक्के खरं आहे. म्हणून वाक्य असं हवं : लेखकाने प्रस्तावनेत आपला जन्म १७४९ चा असल्याचे आणि आपण कंपनीच्या सेवेत सर्जन असल्याचे म्हटले आहे, त्याच्या १७९४ मधील प्रवासवर्णनाशी हे जुळत नाही. ‘खोटं बोलला’ असं लिहू नकोस, आणि ‘कदाचित विस्मरण झाले असावे’ असं सारवासारवही करू नकोस. ब्रायटनचे डॉक्टर त्याची टर उडवत होते. नवं मत मांडणाऱ्याला उपहास आणि निंदा सोसावी लागते, अशी तक्रार तो स्वतःच प्रस्तावनेत करतो. अशा माणसाला ‘सर्जन’ या शब्दाची गरज का पडली असेल ते उघड आहे. त्याच्या कबरीवर, ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात, १८५१ मध्ये वारला तेव्हाचं वय १०१ कोरलं आहे. छापलेलं वय दगडापर्यंत पोचलं. आंतरजालावरच्या अर्ध्या लेखांनी ते तिथून उचललंय, त्यामुळे ‘पाच ठिकाणी सापडलं’ हा तुझा युक्तिवाद इथे चालत नाही. पाचही ठिकाणं एकाच पानावरून आलेली आहेत.

राजाश्रयाचंही बघ. ‘राणी व्हिक्टोरियाचा मालिशवाला’ असं तू एका ठिकाणी लिहिलंस. ‘शॅम्पूइंग सर्जन’ हा किताब चौथा जॉर्ज आणि मग चौथा विल्यम यांच्या वेळचा. व्हिक्टोरियाला ब्रायटनचं फारसं प्रेम नव्हतं. तिने तिथला राजवाडा पुढे विकून टाकला, आणि शहराची ती चमकही ओसरली.

आता माझ्या प्रांतात येतो, कारण उपचाराचा परिच्छेद पूर्णच नव्याने लिहावा लागेल. तू लिहिलंस की ‘रुग्णाच्या डोक्याला सुगंधी तेलाने चंपी केली जाई.’ हे आपल्या ग्वाल्हेरातल्या महाराज बाडा चौकाजवळच्या न्हाव्याचं वर्णन झालं, ब्रायटनचं नव्हे. तेव्हाच्या इंग्रजीत शॅम्पूइंग म्हणजे अंग रगडणं. केस धुण्याशी त्याचा संबंध नंतरचा, आणि हे एका वाक्यात सांगून पुढे जा, त्यावर रेंगाळू नकोस. प्रत्यक्ष प्रकार असा होता : रुग्णाला औषधी वनस्पतींच्या वाफेत बसवायचं. त्याच्याभोवती फ्लॅनेलच्या जाड कापडाचा तंबूसारखा आडोसा. त्या कापडाला बाह्या शिवलेल्या. भरपूर घाम आला की मालिश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आत घालणार आणि अंग रगडणार. वाफ आतच राहते, करणारा भाजून निघत नाही आणि रुग्णाची, विशेषतः बायकांची, आबही राखली जाते. रचना म्हणून मला हे फार हुशारीचं वाटतं. आम्ही ज्या खोल्यांत काम केलं तिथे शेकाचा डबा एका कोपऱ्यात आणि मालिशचं टेबल दुसऱ्या कोपऱ्यात असायचं. मधल्या चार पावलांत रुग्णाचा निम्मा शेक निवून जायचा. स्नायू गरम आणि ओला असतानाच हात पडला तर तो कमी विरोध करतो, कमी दाबात काम होतं. वाफ आणि हात एकाच वेळी, हा या पद्धतीचा गाभा आहे. कॉकरनने १८०९ मध्ये वाफेच्या स्नानाच्या सुधारित यंत्रणेवर लिहिलं होतं, म्हणजे नुसती वाफ तिथे आधीच होती. त्यात हात आला तो दीन मुहम्मदमुळे, असं सर्वसाधारणपणे म्हटलं जातं. तुझ्या नोंदीत ‘त्याने युरोपला वाफेचे स्नान शिकवले’ असं आहे, ते काढ.

रुग्णकथा कशा सांगायच्या, यावर तू अडखळलास. संधिवात, सायटिका, कंबरदुखी, दमा, अर्धांगवायू, आवाज बसणं, अशी मोठी यादी देऊन ‘या रोगांवर हा उपचार परिणामकारक ठरला’ असं तू लिहिलंस. क्रियापद बदल. ‘या रोगांत गुण आल्याच्या हकिकती पुस्तकात आहेत.’ फरक बारीक वाटेल, पण आरोग्याच्या नोंदीत सगळा जीव त्यातच असतो. त्या हकिकती खोट्या आहेत असंही माझं म्हणणं नाही. ओल्या शेकाने आणि रगडण्याने कंबर सुटते, सांध्याची जखडण उतरते, हे मी रोज बघितलंय. पण सायटिकाचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत, काहीही केलं नाही तरी सुधारतात. चेहऱ्याचा एका बाजूचा लकवा बहुतेकांत काही महिन्यांत बराचसा उतरतो. पक्षाघातानंतरही पहिले काही महिने अंग आपोआप थोडं थोडं परत येतं. शिवाय माणूस समुद्रकाठच्या महागड्या स्नानगृहात जातो तो दुखणं अगदी टोकाला पोचल्यावर, आणि टोकाला पोचलेलं दुखणं पुढे बहुधा खालीच येतं. ‘बाकी सगळे उपाय थकले’ या शीर्षकपानावरच्या वाक्यात नेमकी हीच गोष्ट दडली आहे. स्नानगृहात बरे झालेल्यांच्या कुबड्या टांगून ठेवलेल्या असत. जे बरे झाले नाहीत ते आपल्या कुबड्या घेऊन घरी गेले. नोंदीत एवढं विवेचन नको, पण हकिकती लेखकाने निवडलेल्या आहेत आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही, हे एका ओळीत यायला हवं. दमा आणि अर्धांगवायूबद्दल तर जास्तच सांभाळ. अर्धांगवायू झालेल्याच्या बधिर अंगाला वाफ लागली तर चटका बसलेला त्याला कळतही नाही. म्हणून तुझं ‘आजही घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय’ हे वाक्य मी लाल शाईने खोडलंय. कोश उपचार सुचवत नाही.

शेवटच्या भागात तू या पुस्तकाला ‘आधुनिक फिजिओथेरपीचा उगम’ ठरवलंस. आपल्याकडचा माणूस म्हणून अभिमान वाटतो, मलाही वाटतो, पण ती वंशावळ जुळत नाही. व्यायामातून उपचार शिकवणारा स्वीडनचा पेर हेन्रिक लिंग, त्याची संस्था स्टॉकहोममध्ये १८१३ ला सुरू झाली, दीन मुहम्मद ब्रायटनला पोचण्याच्या एक वर्ष आधी. मालिशला डॉक्टरी जगात मान मिळवून देणाऱ्यांत अ‍ॅमस्टरडॅमचा योहान मेझगर मोठा, त्याचं काम १८६० च्या दशकापासूनचं. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामाचा केलॉग, त्याचं मालिशवरचं पुस्तक १८९५ चं, आणि ते खरोखर शिकवणारं पुस्तक आहे. आणि इंग्लंडमध्ये आमचा पेशा ज्या संस्थेतून उभा राहिला ती १८९४ मध्ये चार बायकांनी लंडनला काढली. मालिशच्या नावाखाली शहरात भलतेच धंदे चालू होते, त्याचा बोभाटा झाला होता, आणि प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांना आपली अब्रू वेगळी काढून दाखवायची होती. त्या संस्थेला १९२० मध्ये सनद मिळाली आणि १९४४ मध्ये नावात फिजिओथेरपी आली. या साखळीत ब्रायटनचं स्नानगृह कुठे दुवा म्हणून बसत नाही. वाफ, समुद्र, हवापालट, श्रीमंतांचं आरोग्यपर्यटन या दुसऱ्या इतिहासात ते छान बसतं. तिकडे ने.

चरक, वाग्भट आणि ‘मानसोल्लास’ हा तुझा पार्श्वभूमीचा परिच्छेद पूर्ण काढ. अभ्यंगाचं नित्य आचरण करावं असं वाग्भट सांगतो, चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांचा केवढा तरी पसारा मांडून ठेवला, हे खरं, पण या पुस्तकाशी त्याचा धागा जुळत नाही. पाटण्याच्या नवाबी वळणाच्या घरात वाढलेल्या मुलाला जवळचे होते ते हमाम आणि अंग रगडणारे न्हावी. पार्श्वभूमी द्यायचीच तर तिथली दे, दोन ओळींत.

राहिला ग्वाल्हेरचा परिच्छेद. तो तू का घातलास ते मला कळलं, आणि वाचताना माझेही कान टवकारले. १७८० मध्ये आपण कंपनीच्या फौजेतला अधिकारी पोफॅम याच्या हाताखालच्या तुकडीत होतो, असं तो प्रस्तावनेत म्हणतो. पोफॅम म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला एकच गोष्ट आठवते : त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला रात्रीच्या अंधारात शिड्या लावून त्याच्या फौजेने ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, आणि आत महादजी शिंद्यांची शिबंदी होती. पण ‘ग्वाल्हेरच्या तटावर चढणाऱ्यांत हा पुढचा शाही मालिशवालाही होता’ हे वाक्य त्या एका ओळीवर उभं राहत नाही. पोफॅमच्या हाताखाली शेकडो माणसं होती आणि १७८० ला बारा महिने होते. १७९४ चं प्रवासवर्णन समोर ठेवून तपास, आणि तिथे जे मिळेल ते माणसाच्या नोंदीत घाल. पुस्तकाच्या नोंदीत किल्ल्याला जागा नाही.

भाषेबद्दल थोडंच. ‘जादुई हात’, ‘अद्भुत कीर्ती’, ‘संपूर्ण युरोपला वेड लावले’ ही विशेषणं गेली की नोंद एक पंचमांश कमी होईल आणि काही बिघडणार नाही. ‘असे मानले जाते’ जिथे जिथे आलंय तिथे कोण मानतो ते लिही, नाहीतर वाक्य सोड. नाव एकच रूप धरून चालव. १७९४ च्या आणि १८२२ च्या शीर्षकपानांवर त्याची इंग्रजी रूपं वेगळी आहेत, तेवढं सुरुवातीला सांग. आवृत्त्या तिन्ही दे : १८२२, १८२६, १८३८. तू पहिलीच दिलीस, आणि अवतरणं बहुधा तिसरीतली आहेत, कारण पानांचे आकडे पुढेमागे होतायत. कोणतं अवतरण कोणत्या आवृत्तीतलं ते प्रत्येक वेळी नोंदव.

नोंदीची सुरुवात मी अशी केली असती. हवी तर घे, हवी तर बदल :

‘शॅम्पूइंग : औषधी वाफेचे स्नान व अंगमर्दन यांविषयी शेख दीन मुहम्मद (१७५९–१८५१) यांचे इंग्रजी पुस्तक. ब्रायटन येथे १८२२ मध्ये प्रसिद्ध. पुढील आवृत्त्या १८२६ व १८३८. लेखकाच्या स्नानगृहातील उपचारांचे समर्थन, रुग्णांच्या हकिकती आणि पुरस्कर्त्यांची नामावली असे त्याचे स्वरूप आहे. उपचाराची कृती त्यात त्रोटक असून ते प्रशिक्षणासाठी लिहिलेले नाही. भारतीय लेखकाने ब्रिटनमध्ये आपल्या व्यवसायाची बाजू मांडण्यासाठी लिहिलेल्या आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक आहे.’

शेवटच्या वाक्याला फिशर यांच्या पुस्तकातला पानक्रमांक लागेल, तो तू शोध. नाही मिळाला तर ते वाक्यही काढून टाक. दुरुस्त मसुदा पाठवशील तेव्हा उपचाराचा परिच्छेद आधी पाठव, बाकीचं नंतर बघू.